वानखडे बाई आणि एक्केचाळीस दात

वानखडे बाईंच्या फाटकातून मी आत शिरले आणि मला दोन पाय दिसले. पांढरे मोजे घातलेले, टाचा जमिनीला टेकलेल्या, बोटं आभाळाकडे. बाकीच्या बाई गाडीच्या पोटाखाली होत्या. गाडीची मागची चाकं काढून भिंतीला टेकवून ठेवली होती आणि धड लाकडी ठोकळ्यांवर उभं होतं. काहीही हलत नव्हतं. मला वाटलं, गाडी अंगावर बसली आणि बाई गेल्या.

मी किंचाळले. त्यांच्यासाठी आणलेली कढीगोळ्यांची वाटी हातातून सुटली.

"ओरडू नकोस, अर्चना," गाडीखालून आवाज आला. तोच आवाज, वर्गातला. "चौदाचा पाना दे. तुझ्या उजव्या पायाशी आहे."

मी पाना उचलून पुढे केला. काळा पडलेला एक हात बाहेर आला आणि पाना घेऊन आत गेला.

"आणि सांडलं ते काय आहे?"

"कढी, बाई."

"पुसून घे. नाहीतर ऑइल कुठून गळतंय ते मला कळायचं नाही."

मी पदर खोचून फरशी पुसायला बसले. ज्या बाईंच्या साडीची निरी मी शाळेच्या सगळ्या वर्षांत एकदाही विस्कटलेली पाहिली नव्हती, त्या बाई भावाचा जुना शर्ट आणि सलवार घालून जमिनीवर पाठीवर झोपल्या होत्या, आणि वयाची साठी त्यांनी केव्हाच ओलांडली होती.

प्रमिला वानखडे अमरावतीत आमच्या मुलींच्या शाळेत गणित शिकवायच्या. मी त्यांची विद्यार्थिनी, नंतर त्याच शाळेत गणिताचीच शिक्षिका झाले, आणि लग्न होऊन राहायला आले ती त्यांच्याच गल्लीत, दोन घरं सोडून. त्यामुळे त्या निवृत्त झाल्या तरी माझ्या आयुष्यातून कधी गेल्या नाहीत. त्या एकट्या राहायच्या. लग्न केलं नव्हतं. का केलं नाही हे विचारायची कोणाची छाती नव्हती.

वर्गात त्या शाबासकी द्यायच्या नाहीत आणि रागवायच्याही नाहीत. फळ्याजवळ उभी राहून एखादी मुलगी गणित सोडवू लागली की बाई खिडकीतून बाहेर बघत असायच्या. पायरी बरोबर असली तर म्हणायच्या, "पुढे." चुकली तर म्हणायच्या, "मागे." बस्स. ते "मागे" ऐकलं की मुलीचा हात आपोआप डस्टरकडे जायचा आणि चूक सापडायची. कुठे चुकलं ते बाईंनी कधी सांगितलं नाही.

खर्चाच्या बाबतीत तर त्यांची दहशत होती. सकाळी गॅस एकदाच पेटवायचा, त्यावर चहा, भाकरी आणि भाजी ओळीनं व्हायची, मग गॅस बंद तो संध्याकाळपर्यंत. शाळेत पायी यायच्या. उन्हाळ्यात अमरावतीचं ऊन कसं असतं ते इथल्या माणसाला सांगायला नको, तरी ऑटोवाले त्यांना पाहून हॉर्नसुद्धा वाजवत नसत. डोक्यावरून ओला पंचा घेऊन, त्यावर छत्री धरून बाई चालत राहायच्या.

यंत्रांकडे मात्र त्यांचे कान असत. शिकवता शिकवता एकदम थांबून त्या म्हणायच्या, "शाळेच्या पंपाचं बेअरिंग गेलं." आम्ही मुली हसू दाबायचो. दोन-तीन दिवसांत पंप बंद पडायचा आणि शिपाई बादल्या घेऊन धावायचा. आम्हाला तो योगायोग वाटायचा.

अशा बाईंनी गाडी घेतली. साधी गाडी असती तरी कॉलनी हादरली असती. ही होती दोन माणसांची, वर छप्पर नसलेली, जमिनीला टेकलेली, शर्यतीत पळवतात त्या जातीची जुनी विलायती गाडी. रंग पिस्त्यासारखा, तोही अर्धा उडालेला.

त्यांना ती सापडली वरूडला. एका जुन्या विद्यार्थिनीच्या मुलीचं लग्न होतं. मीही गेले होते. मुलीचे वडील संत्र्याचे व्यापारी, त्यामुळे पंगत बसली होती संत्री भरायच्या शेडमध्ये. बाई माझ्या शेजारी होत्या. जेवता जेवता त्यांची नजर शेडच्या कोपऱ्याकडे गेली. तिथे रिकाम्या क्रेट्सचा ढीग होता आणि ढिगाखालून एक गोल दिवा बाहेर डोकावत होता. बाई उठल्या. पानात लाडू तसाच, आणि बाई भर पंगतीतून उठून चालू लागल्या. अन्न टाकून उठणं हे बाईंच्या हातून होईल असं मला कोणी सांगितलं असतं तर मी त्याच्याशी भांडले असते.

त्या व्यापाऱ्याच्या वडिलांनी तरुणपणी मुंबईहून आणलेली ती गाडी होती. वडील गेल्यावर तिच्यावर क्रेट्स रचायला लागले. बाई तिच्याभोवती एक चक्कर मारून आल्या आणि हात धुऊन पुन्हा पानावर बसल्या. पानातला लाडू संपवला. पुढच्या आठवड्यात ट्रकवर चढवलेली ती गाडी आमच्या गल्लीत आली, आणि भविष्य निर्वाह निधीतून बाईंनी आयुष्यातली पहिली चैन केली हे सगळ्या अमरावतीला कळलं.

लोकांनी कारणं शोधली. कोणी म्हणे, तरुणपणी कोणीतरी होता, त्याची अशीच गाडी होती. कोणी म्हणे, पुतण्याला द्यायची असेल. कोणी डोक्याकडे बोट नेऊन हळूच फिरवून दाखवे. आमच्या कॉलनीच्या सेक्रेटरींनी धीर करून विचारलंच. बाई म्हणाल्या, "दिसली. घेतली." आणि फाटक लावून घेतलं.

गाडीचं इंजिन सुरू झालं तेव्हा ती पहिल्यांदा बाहेर न्यायला बाईंनी मला बरोबर घेतलं. बडनेऱ्याच्या रस्त्याला लागलो. आणि तो आवाज! मागून कोणीतरी लोखंडी दळण दळत असल्यासारखी घरघर, त्यात इंजिनाची किंकाळी. मी दोन्ही हातांनी दार धरून बसले. मला वाटलं, आपण विमानाच्या वेगानं चाललोय. मग शेजारून एक टेम्पो आला. संत्र्यांनी शिगोशीग भरलेला, एका बाजूला कललेला. त्यानं आम्हाला सहज मागे टाकलं आणि वर बसलेल्या माणसानं आम्हाला हात केला.

बाईंनी गाडी एका कडुलिंबाच्या झाडाखाली घेतली. त्यांनी इंजिन बंद केलं. जरा वेळानं त्या म्हणाल्या, "मागे."

मग त्यांनी मला समजावून सांगितलं, जसं सातवीच्या वर्गाला सांगतात तसं. मागच्या दोन चाकांच्या मधोमध एक लोखंडी गोळा असतो, त्याला डिफरन्शियल म्हणतात. त्याच्या आत एक छोटं दातेरी चाक मोठ्या दातेरी चाकाला फिरवतं. छोटं ते पिनियन, मोठं ते क्राऊन. कोणाला किती दात, त्यावर गाडीचा स्वभाव ठरतो. एक तर ओढेल, नाहीतर पळेल. वरूडच्या त्या व्यापाऱ्याच्या वडिलांनी बागेतल्या चिखलातून गाडी निघावी म्हणून त्याच कंपनीच्या मालवाहू गाडीची दातेरी चाकं आत बसवून घेतली होती. म्हणजे पळणाऱ्या गाडीला बैलाचे पाय.

"त्रेचाळीस आणि आठ," बाई म्हणाल्या. "मसावि किती?"

"एक," मी घाबरून म्हणाले. मी स्वतः हे शिकवते, तरी घाबरले.

"एक. मसावि एकच ठेवतात. म्हणजे फिरता फिरता या चाकाचा प्रत्येक दात त्या चाकाच्या प्रत्येक दाताला भेटतो. तेच तेच दोन दात एकमेकांवर घासत राहत नाहीत. एकटा कोणी झिजत नाही."

इतकी वर्षं मी मसावि शिकवतेय आणि मुली विचारतात, हा कुठे लागतो? मला उत्तर येत नव्हतं. त्या दिवशी लिंबाखाली मी आ वासून बसून राहिले.

नवी दातेरी चाकं परदेशातून आणायची तर गाडीपेक्षा महाग पडत होती. मिस्त्र्यांनी सांगितलेली मजुरीही बाईंना परवडणारी नव्हती. म्हणून बाईंनी स्वतःच गोळा काढायचं ठरवलं, आणि म्हणून मला ते दोन पाय दिसले.

गोळा निघाला. मग आम्ही अकोल्याला गेलो, एसटीनं. तिथल्या भंगार बाजारात रऊफभाई म्हणून एक जण जुन्या गाड्यांचे पार्ट काढून विकायचे. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. बाई त्या दिवशी मात्र त्यांच्या नेहमीच्या कडक इस्त्रीच्या साडीत होत्या. रऊफभाईंनी त्यांना पाहून खुर्ची पुसली.

"म्याडम, तुमी बसा. का पायजे सांगा, मी काढून देतो. तुमच्या साडीले लागन ना ऑइल."

"क्राऊन-पिनियन. एक्केचाळीस आणि दहा," बाईंनी सांगितलं. त्याच कंपनीची चार दरवाजांची एक जुनी गाडी होती, तिची चाकं चालतील हे त्यांनी आधीच शोधून ठेवलं होतं.

"म्याडम, दात कोन मोजते? आमी तर गाडीचं नाव सांगतो."

"नाव कोणी काहीही सांगेल," म्हणत बाईंनी निऱ्या वर खोचल्या आणि त्या ढिगाऱ्यात उतरल्या.

मी आणि रऊफभाई दोघंही थक्क होऊन बघत राहिलो. बाई एकेक गंजकं चाक उचलायच्या, एका दातावर खडूनं खूण करायच्या, आणि बोट पुढे पुढे नेत मोजायच्या. नको असलं की बाजूला. ऑइल साडीला लागलं, कोपरापर्यंत गेलं, गालाला लागलं. बाजारातली माणसं दारात गोळा झाली. कोणीतरी मोबाईल काढला तर रऊफभाईंनी त्याला हाकललं. "अबे, तमाशा हाये काय? चाल निघ!"

दुपार टळल्यावर जोडी सापडली. बाईंनी ती मांडीवर घेतली, प्रत्येक दातावरून अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, "पुढे." रऊफभाईंना वाटलं आणखी काही दाखवा म्हणतात. मी म्हणाले, "नाही भाऊ. हेच पाहिजे, असं म्हणतात त्या."

रऊफभाईंनी निघताना सावध केलं. "म्याडम, बसवनं सोपं नाई. पिनियन केसभर आत गेलं तरी बोंबलते, केसभर बाहेर राह्यलं तरी बोंबलते. पातळ पातळ चकत्या टाकून टाकून जमवा लागते. आनं दात कुठं टेकते थे पाहासाठी निळा रंग येते, थो लावा."

"रंग कितीला?"

त्यांनी सांगितलं. बाई म्हणाल्या, "शेंदूर चालेल?"

रऊफभाईंनी हातातलं फडकं खाली ठेवलं. मग मान डोलावून म्हणाले, "चालन. तेलात कालवला तर चालन. माहे अब्बा शेंदूरच लावत होते, मी इसरूनच गेलो होतो."

म्हणून अकोल्याहून परत येताना बाईंच्या पिशवीत एक लोखंडाची जोडी, जुन्या गोळ्यांतून काढलेल्या मूठभर चकत्या आणि पूजेच्या दुकानातून घेतलेली शेंदराची पुडी होती. चकत्यांची जाडी मोजायला शाळेच्या प्रयोगशाळेतला स्क्रू गेज मी मुख्याध्यापकांना विचारून आणून दिला. ते म्हणाले, "वानखडे मॅडमना कशाला पाहिजे?" मी सांगितलं. त्यांनी कपाटाची किल्ली माझ्या हातात ठेवली.

मग जे झालं ते आठवलं की अजून माझ्या अंगावर काटा येतो.

बाईंचा धाकटा भाऊ मधुकर वलगावला शेती करतो. मोठं कुटुंब, काळी जमीन, दारात ट्रॅक्टर. बहिणीवर त्याचा जीव होता, पण तिच्या पुढ्यात तो कधी मोकळेपणी बसला नव्हता. गाडीची बातमी त्याच्यापर्यंत पोचली ती अशी: तुमची ताई भंगार बाजारात उकिरड्यात बसली होती. घरातल्यांनी ठरवलं, ताईला अकोल्याच्या मेंदूच्या डॉक्टरकडे न्यायचं आणि गाडी उचलून टाकायची. मधुभाऊ ट्रॅक्टर आणि साखळी घेऊन आले.

सकाळची वेळ होती. बाई पडवीत टेबलाशी होत्या. गोळा टेबलावर घट्ट पकडलेला, आत नवी चाकं बसवलेली, क्राऊनच्या दातांना शेंदूर लावलेला. उजव्या हातात पाना, त्यानं पिनियन हळूहळू फिरवत होत्या आणि डाव्या हातानं क्राऊनला जरा अडवून धरलं होतं, म्हणजे दातांची खूण नीट उमटते. मी समोरच्या खुर्चीवर बसून त्यांनी सांगितलेले आकडे लिहून घेत होते.

फाटकाशी ट्रॅक्टर थांबला. "ताई!" मधुभाऊ तिथूनच ओरडले. "तू का करून राहिली हे? सारं गाव हासून राह्यलं आमाले! काहून घेतली थे गाडी? सोड थे!"

बाईंनी मान वळवली. उजवा हात फिरतच होता.

मला आवाज आठवत नाही. बाई ओरडल्या नाहीत. फक्त त्यांनी पाना उलटा फिरवला, डावा हात बाहेर काढला आणि त्याच्याकडे पाहिलं. हात लालभडक होता. टेबल लाल होतं. माझ्या वहीवर लाल थेंब पडले होते. आणि त्यातला शेंदूर कोणता आणि रक्त कोणतं हे मला कळत नव्हतं. मी वेड्यासारखी माझ्याच रुमालानं टेबल पुसत राहिले. मधुभाऊ धावत आले, त्यांनी डोक्याचा रुमाल सोडला आणि बहिणीच्या हाताला गुंडाळला तेव्हा मला समजलं, की अनामिकेचं पहिलं पेर जागेवर नाही.

दवाखान्यात ट्रॅक्टरवरून गेलो. बाई मागच्या पाट्यावर माझ्या खांद्याला धरून उभ्या होत्या, पांढऱ्याफटक. डॉक्टरांनी सांगितलं, पेर जोडता येणार नाही, चुरडलंय. टाके घालून, पट्टी बांधून त्यांना पलंगावर झोपवलं. मधुभाऊ व्हरांड्यात भिंतीला टेकून खाली बसले होते. मी पाणी नेऊन दिलं तर घेतलं नाही.

"ताईनं कधी काही मागतलं नाई, पोरी," ते म्हणाले. "लहानपनी नाई, मोठेपनी नाई. बाबांनं वाटनी केली तवा पन नाई. मले म्हने, तुले लेकरं आहे, तू घे. मंग एकदम हे मागतलं, आनं आमी भ्यालो. आमाले वाटलं, ताईचं डोकं फिरलं. माणूस साठ वर्सं काही मागत नाई, आनं मंग एकदम मागते, तर भेव वाटते का नाई?"

मलाही भीतीच वाटली होती की.

आतून बाईंचा आवाज आला. "मधू, आत ये."

ते दारात उभे राहिले, डोळे पुसत.

"पिनियन खाली पडलं काय?" बाईंनी विचारलं. मी त्यांना वऱ्हाडीत बोलताना पहिल्यांदा ऐकत होते.

"ताई, तुले बोटाची फिकीर नाई?"

"बोट गेलं. आता त्याचं का करतं? तुह्याकडं पाह्यलं ना मी. पाहाले नोको होतं. चूक माही होती." आणि जरा थांबून, "रडू नोको. तू ट्रॅक्टरचा डिफरन्शियल खोलला होता ना मांगच्या साली?"

"होय. दोनदा."

"मंग उद्या ये."

मधुभाऊ दुसऱ्या दिवशी आले. ट्रॅक्टर आणला नाही, हत्यारांची पेटी आणली. बाई पडवीत खाटेवर बसल्या, पट्टी बांधलेला हात उशीवर उंच ठेवलेला. आणि मग तीन दिवस आमच्या गल्लीनं जे ऐकलं ते कोणी विसरलेलं नाही. अख्ख्या शाळेनं ज्यांचा आवाज चढलेला ऐकला नव्हता, त्या वानखडे बाई भावाशी भांडत होत्या.

"अंगठ्यानं काय पाह्यतं? गेज लाव!"

"ताई, अंगठ्याले समजते. पन्नास वर्सं झाली लोखंडात हात घालून राह्यलो मी."

"लाव म्हनलं ना! किती?"

"वाचता येत नाई मले हे बारकं."

मग मी वाचायचे. बाई आकडा ऐकून डोळे मिटायच्या, मनात काही वजा करायच्या आणि चकतीची जाडी सांगायच्या. मधुभाऊ गोळा पुन्हा उघडायचे, चकती बदलायचे, पुन्हा शेंदूर. खूण दाताच्या टोकाकडे आली, "मागे." खूण मुळाकडे गेली, "मागे." एकदा मधुभाऊंनी पाना फेकला आणि अंगणात जाऊन उभे राहिले. बाई म्हणाल्या, "च्या पिऊन ये." त्या वेळी मी घरात गेले तर सकाळी बंद केलेला गॅस मला दुपारी पुन्हा पेटवावा लागला. बाईंनी त्यावर काही म्हटलं नाही, याचंही मला तेव्हा नवल वाटलं.

तिसऱ्या दिवशी खूण दाताच्या बरोबर मध्ये उमटली. भाताच्या दाण्यासारखी, लांबट, शेंदरी. मधुभाऊ बघत राहिले. त्यांनी बहिणीकडे पाहिलं. बाई खाटेवरून उठून आल्या, वाकल्या, चष्मा वर करून पाहिलं.

"पुढे," त्या म्हणाल्या.

मधुभाऊ खाली बसले आणि हसायला लागले. हसता हसता खोकला आला.

चाकं बसली, ऑइल भरलं. बाईंची पट्टी निघाली तेव्हा गाडी गल्लीतून बाहेर काढली. मी फाटकाशी उभी होते. मला त्या घरघरीची सवय झाली होती, कान तयार ठेवले होते. गाडी निघाली आणि काही ऐकूच आलं नाही. नुसतं इंजिन, मऊ, आणि टायरखालचे खडे. शेजारच्या काकू बाहेर आल्या. "बंद पडली का हो?" त्यांनी विचारलं. गाडी तोवर कोपऱ्यावरून वळून दिसेनाशी झाली होती.

त्यानंतर एक हिवाळा आणि एक उन्हाळा बाई गाडी चालवत होत्या. कौंडण्यपूरला गेल्या, नदीकाठी बसून आल्या. अकोल्याला रऊफभाईंना गाडी दाखवायला गेल्या तेव्हा त्यांनी गाडी जॅकवर उचलून खालून बघितली आणि अख्ख्या बाजाराला पेढे वाटले म्हणे. वलगावला तर दर आठवड्याला. कॉलनीतली माणसं मात्र दबक्या आवाजात एकच बोलायची: एक दिवस ही बाई त्या गाडीत जाणार.

बाई गेल्या त्या पावसाळ्याच्या शेवटी. डेंग्यूनं. ताप आला, अंगावर काढला, प्लेटलेट उतरल्या, आणि पाचव्या दिवशी गेल्या. मला फोन आला तेव्हा मी वर्गात होते. पहिला शब्द माझ्या तोंडून निघाला तो "गाडी?" पलीकडून मधुभाऊ म्हणाले, "गाडी घरीच आहे, पोरी. एका हप्त्यापासून घरीच आहे." मी फळ्याला टेकून उभी राहिले. इतक्या लोखंडाखाली झोपून ज्यांना काही झालं नाही, त्यांना एका डासानं नेलं. ही गोष्ट मला अजून मान्य होत नाही. स्मशानात सगळी कॉलनी आली होती. आम्ही सांगितलं होतं, असं म्हणायला कोणाकडे जागाच राहिली नव्हती.

गाडी आता वलगावला आहे. मधुभाऊ ती चालवत नाहीत. रविवारी इंजिन सुरू करतात, फाटकापर्यंत आणतात, पुन्हा मागे नेऊन लावतात.

मी बाईंना गाडीत शेवटचं पाहिलं ते त्या आजारी पडायच्या महिनाभर आधी, दर्यापूरच्या रस्त्यावर. मी प्रशिक्षणाला चालले होते, एसटीत खिडकीशी. रस्त्याचं काम चालू होतं. एका बाजूची वाहनं थांबवून दुसऱ्या बाजूची सोडत होते. पाऊस नुकताच उघडला होता, दोन्हीकडे कपाशी हिरवीगार. आमच्या एसटीच्या अगदी शेजारी, खाली, ती पिस्ता रंगाची गाडी येऊन थांबली. बाई एकट्याच होत्या. डोक्याला रुमाल बांधलेला, शेजारच्या सीटवर पाण्याची बाटली. त्यांनी इंजिन बंद केलं आणि शेतांकडे बघत बसल्या.

"बाई!" मी खिडकीतून हाक मारली.

त्यांनी वर पाहिलं. डोळ्यांवर हाताचा आडोसा धरला आणि मला ओळखलं.

"कुठे चाललात बाई? वलगावला?"

"नाई."

"मग दर्यापूरला?"

"नाई वं."

"मग कुठे?"

एसटीतले लोक खिडक्यांशी गोळा झाले होते, गाडी बघायला. बाईंना त्याचं काही नव्हतं. त्यांनी समोरच्या रस्त्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"कुठंच नाई," त्या म्हणाल्या. "घरून निघाली, मंग चाल्लीच."

समोरच्या माणसानं हिरवं फडकं हलवलं. आमच्या ड्रायव्हरनं खडखडाट करत गियर टाकला. तोवर बाई निघाल्या होत्या. उकरलेला रस्ता संपेपर्यंत त्या सावकाश गेल्या, मग डांबर लागलं आणि गाडी जमिनीला चिकटून पुढे सरकली, आवाज न करता, कपाशीच्या मधून लहान होत होत. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. आमची एसटी तिथे पोचली तेव्हा रस्ता पार मोकळा होता.